धुळ्याचे फुकट भूखंड आणि जळगावची आगगाडी

आजचा धागा खान्देशाचा आहे आणि लांब आहे. सवडीने वाचावा.

एखाद्या शहराने व्यापाऱ्यांना आवतण द्यावे, त्यांना फुकट जागा द्यावी, घर बांधायला उचल द्यावी आणि बाजार उभा राहण्याची वाट पाहावी, हा प्रकार आपण गुंतवणूक परिषदांच्या काळातला समजतो. धुळ्यात तो १८१९ साली घडला आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत धुळ्यास सरकारी कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळाली. त्याच वर्षी २८ एप्रिलला जॉन स्मिथ नावाचा इंग्रजी घोडदळाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या दरीत उतरला आणि अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आपले नाव व तारीख कोरून परतला. चार महिन्यांच्या अंतराने खान्देशात एक शहर आकारास येऊ लागले आणि खान्देशाच्या उंबरठ्यावर एक जगप्रसिद्ध स्थळ पुन्हा उजेडात आले. पुढच्या दोनशे वर्षांत या दोन्ही गोष्टींचा लाभ कोणाला किती झाला, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. माझे घर जळगावचे आणि आजोळ धुळ्याचे, त्यामुळे हे कुतूहल अगदी निर्लेप आहे असा माझा दावा नाही.

आधी धुळे. अठराव्या शतकात हे गाव फारसे कोणाच्या खिजगणतीत नव्हते. महत्त्व होते ते दक्षिणेच्या लळिंग किल्ल्याला आणि उत्तरेच्या सोनगीरला. १८०२ च्या सुमारास यशवंतराव होळकरांच्या फौजांनी हा मुलूख तुडवला, आणि पाठोपाठ १८०३ चा भयंकर दुष्काळ आला. धुळे ओस पडले. दुसऱ्याच वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले, त्याबद्दल त्यांना इनामे व हक्क मिळाले, आणि पुढे सोनगीर-लळिंगचा कारभार हाती येताच त्यांनी आपले ठाणे धुळ्यातच केले. म्हणजे १८१८ मध्ये इंग्रज आले तेव्हा हे गाव नुकतेच एकदा उजाड होऊन पुन्हा उभे राहिले होते. धुळ्याच्या इतिहासात बाळाजी बळवंतांना चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही, आणि मला ते अन्यायाचे वाटते.

मालेगावच्या किल्ल्यातील अरबांचा प्रतिकार १८१८ च्या जूनमध्ये मोडला आणि खान्देश एल्फिन्स्टनच्या हाताखालील कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला. फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणारा ब्रिग्ज तो हाच. नव्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून त्याने धुळे निवडले. कारण उघड आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा मार्ग याच गावावरून सातपुड्याकडे जातो, आणि जिल्ह्याच्या दोन्ही अंगांवर येथून नजर ठेवता येते. त्या वेळचे धुळे कसे होते? एका बाजूला पांझरा नदी, दुसऱ्या बाजूला पाट, सभोवार बागायत, आणि मध्ये ४०१ घरे व २,५०९ माणसे.

या गावाचे शहर करण्यासाठी ब्रिग्जने काय केले याची नोंद १८८० च्या खान्देश गॅझेटियरात आहे. कचेऱ्यांसाठी दूरदूरच्या गावांहून कारागीर आणले. इमारतींवर एकूण २,७०० पौंड, म्हणजे गॅझेटियरच्या हिशोबाने २७,००० रुपये खर्च झाला. व्यापाऱ्यांना आणि इतरांना येऊन राहण्यासाठी सर्व प्रकारचे उत्तेजन दिले. घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या. पक्की घरे बांधता यावीत म्हणून जुन्या रहिवाशांना आणि परगावाहून आलेल्यांना, दोघांनाही रकमा आगाऊ दिल्या. जुन्या रहिवाशांना विसरले नाहीत हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. नव्याला पायघड्या घालताना जुन्याला उपाशी ठेवणारी शहरे आपण पुष्कळ पाहिली आहेत.

आता प्रश्न असा, की ही कल्पना ब्रिग्जने विलायतेहून आणली का? मला तसे वाटत नाही. आपल्याकडे पेठ वसवण्याची रीत जुनीच होती. सरकारातून कौल निघे, येणाऱ्या उदम्यांना काही वर्षे कर माफ होत, आणि पेठ वसवणाऱ्याला शेटेपणाचे वा महाजनकीचे वतन मिळे. पुण्याच्या पेशवाईतील पेठा अशाच वसल्या. पडीक जमीन लागवडीस आणायची तर इस्ताव्याने देत, म्हणजे पहिली काही वर्षे सारा नाममात्र आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने वाढत जाई. ब्रिग्जने दिलेला बिनभाड्याचा भूखंड हा इंग्रजी शाईने लिहिलेला कौलच होता. बाळाजी बळवंतांनी पंधरा वर्षांपूर्वी ज्या वाटेने गाव वसवले, त्याच वाटेने तो गेला. फरक एवढाच, की त्याच्यामागे तिजोरी होती आणि लिहून ठेवण्याची शिस्त होती.

योजना सफल झाली का? झाली, पण सावकाश. १८७२ च्या शिरगणतीत धुळ्याची वस्ती १२,४८९ भरली, १८८१ मध्ये १८,४४९, आणि १९०१ मध्ये २४,७२६. ऐंशी वर्षांत जवळजवळ दसपट. नदीकाठी जुने धुळे राहिले, घरे वेडीवाकडी आणि बहुतेक साधीसुधी. त्यालगत नवे धुळे वसले, सरळ रस्त्यांचे. तेथील गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात. चार नंबरची गल्ली, पाच नंबरची गल्ली असा पत्ता सांगताना धुळेकराला काहीच विशेष वाटत नाही, पण लहानपणी जळगावहून सुटीत गेलेल्या मला या आकड्यांची फार गंमत वाटे.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. धुळ्याची आखणी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी केली, असे अभिमानाने सांगितले जाते. विश्वेश्वरय्या धुळ्यात होते हे खरे. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर आरंभीच्या काळात ते खान्देशात आले, आणि पांझरेच्या पाटाचे पाणी ओढ्यापलीकडे नेणारा नळांचा सायफन त्यांनी भर पावसाळ्यात झगडून पुरा केला. त्यांच्या आत्मचरित्रात त्याची हकीकत आहे. परंतु नवे धुळे आणि जुने धुळे हा भेद त्यांच्या आगमनापूर्वीच छापील गॅझेटियरात नोंदलेला आहे. तेव्हा शहर आखण्याचे मूळ श्रेय त्यांना देता येत नाही. मोठ्या माणसाच्या नावावर सगळे जमा करण्याची आपली सवय इतिहासाच्या अभ्यासकाने तरी सोडावी.

आता जळगाव. १८६० पूर्वीचे जळगाव शोधायला गेलात तर हाती फारसे लागणार नाही. पूर्व खान्देशातील नामांकित बाजार म्हणजे धरणगाव, एरंडोल, चोपडा, पारोळा. जळगावच्या शेजारचे नशिराबाददेखील त्याच्याहून अधिक परिचित. धरणगावचे कापड सतराव्या शतकात इंग्रजांच्या वखारीपर्यंत पोहोचले होते. एरंडोलचा हातकागद प्रसिद्ध होता. आणि या सर्वांच्या वर, तापीकाठी, फारुकी सुलतानांनी वसवलेले बुऱ्हाणपूर.

मग आगगाडी आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग थळ घाट चढून मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा १८६० च्या दशकाच्या आरंभी टाकला गेला. हा मार्ग धुळ्याला का गेला नाही, हा प्रश्न धुळ्यात अजूनही विचारला जातो, आणि प्रश्नातच कोणीतरी डाव साधल्याचा संशय असतो. नकाशा काढून पाहा. आग्र्याचा रस्ता उत्तरेला जातो. रेल्वेला पूर्वेला जायचे होते. तिला वऱ्हाडचा कापूस हवा होता, आणि जबलपूरमार्गे कलकत्त्याशी जोडून घ्यायचे होते. भुसावळला तिला दोन फाटे फुटले, एक वऱ्हाडातून नागपूरला, दुसरा खांडव्यावरून जबलपूरला. पूर्वेकडे निघालेल्याला धुळे आडवाटेवर पडते. ब्रिग्जने धुळे निवडले तो रस्त्याचा काळ होता. चाळीस वर्षांनी वाहतुकीची दिशाच फिरली, आणि दिशा फिरल्यावर बिनभाड्याच्या जागेचा उपयोग थोडा.

जळगावचे नशीब असे, की रूळ पडत असतानाच अमेरिकेत यादवी पेटली. १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि हिंदुस्थानी कापसाला न भूतो असा भाव आला. लमाणांच्या बैलांवर आणि गाड्यांवर लादून आठवडेच्या आठवडे घाट उतरणारा कापूस आता वाघिणींतून मुंबईच्या गोदीकडे धावू लागला. जळगाव एकदम कापसाची मोठी पेठ झाले. १८६४ मध्ये तेथे नगरपालिका स्थापन झाली. धुळ्याची तिच्या दोनच वर्षे आधीची, १८६२ ची. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे जिल्ह्याची राजधानी असलेले गाव आणि कालपरवाचे खेडे जवळपास एकाच वेळी शहरांच्या पंगतीला बसले.

युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत १८६५ मध्ये शेअरबाजार बुडाल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याच घसरणीने जळगावच्या व्यापाऱ्यांचेही कंबरडे मोडले, हे क्वचितच सांगितले जाते. या ठिकाणी मला जळगावचा खरा इतिहास सुरू होताना दिसतो. भरभराट आगगाडीने आणि परक्या युद्धाने दिली. पडल्यावर उठणे मात्र गावाला स्वतः करावे लागले. पोलन नावाच्या कलेक्टराच्या काळात नवी पेठ बांधली गेली. जळगावच्या बाजारात रोज वावरणाऱ्या कित्येकांना ‘पोलन पेठ’ हे नाव एका इंग्रज अधिकाऱ्याचे आहे याची कल्पना नसते. मेहरूणच्या तलावातून नळाने पाणी आणले गेले. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे वाफेवरचे कारखाने उभे राहिले. १८७० च्या दशकात सूत-कापडाची गिरणी आली. विसाव्या शतकाच्या आरंभी तीत वीस हजारांहून अधिक चात्या आणि हजाराच्या वर माणसे होती. कापूस नुसता पाठवून देणारे गाव त्याचे सूत काढू लागले. त्या गिरणीच्या जागेवर आता व्यापारी संकुल आहे, तरी रिक्षावाल्याला ‘खान्देश मिल’ म्हटले की पुरते.

१९०१ ची शिरगणती जळगावला १६,२५९ माणसे देते. धुळे अजून पुढेच होते. पण १९०६ मध्ये खान्देशाचे दोन जिल्हे झाले, पश्चिम खान्देशाचे ठाणे धुळे राहिले आणि पूर्व खान्देशाचे जळगाव झाले. जे भांडवल ब्रिग्जने धुळ्याला दिले होते, म्हणजे कचेऱ्या, कोर्ट, वकील, त्यांच्यामागे येणारे वाणी-सराफ, त्याची वाटणी झाली. १९६० नंतर याच जिल्ह्यांना धुळे आणि जळगाव ही नावे मिळाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबारही वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेत जळगाव चार लाख साठ हजारांवर आहे, धुळे पावणेचार लाखांच्या आसपास.

धुळ्याला आगगाडी आली नाही असे नाही. १९०० मध्ये चाळीसगावहून फाटा आला आणि धुळ्यात येऊन थांबला. माझी आजी म्हणे, ‘धुळ्याला गाडी येते, पण धुळ्यावरून जात नाही.’ जळगावहून आजोळी जाताना चाळीसगावला उतरायचे, दुसऱ्या गाडीत बसायचे, आणि शेवटच्या स्थानकावर रूळ संपताना पाहायचे. शहराच्या अर्थकारणावरचे जाडजूड ग्रंथ मी नंतर वाचले. आजीच्या वाक्यात जे होते त्यापेक्षा फार निराळे त्यांत आढळले नाही.

आवतण न धाडताही काय घडू शकते याचे उदाहरण अमळनेर आहे. तापी खोऱ्यातली रेल्वे सुरतेहून अमळनेरला पोहोचली होती, भोवती भुईमुगाचा मुलूख होता, आणि प्रताप शेठजींच्या गिरणीमुळे कारखान्याची सवय झालेले गाव होते. तेथे १९४५ च्या डिसेंबरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी महंमद हाशम प्रेमजी यांनी स्थापन केली. वनस्पती तूप आणि ‘७८७’ नावाचा कपड्यांचा साबण हे तिचे माल. हीच पुढे विप्रो झाली. कंपनीचे मुख्यालय बंगळूरला गेले, परंतु सुरुवातीच्या काळात घेतलेले शेअर अमळनेरच्या अनेक घरांत जपले गेले. खान्देशात ‘आमच्या आजोबांनी ते विकले’ ही हळहळ ज्या स्वरात ऐकू येते, त्या स्वरात मी पानिपताचीही ऐकलेली नाही.

दुसरे उदाहरण जळगावचे. अजिंठ्याच्या रस्त्यावर वाकोद हे गाव आहे. तेथे १९३७ मध्ये जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून धंदा सुरू केला. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना घेऊन त्यांनी तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढले. पुढे पीव्हीसी नळ आणि ठिबक सिंचन. बाहेरचा उद्योजक आणण्यासाठी कितीही फुकट भूखंड वाटले, तरी गावचाच माणूस गावात टिकला तर जे होते ते वेगळेच असते. रावेर-सावद्याची केळी वाघिणी भरभरून दिल्लीकडे जात होतीच. तिच्या शेतात नळी टाकणारा कारखाना त्याच तालुक्यांच्या शेजारी उभा राहिला. जळगावच्या केळ्याला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. (बामणोदच्या वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना कागदी मानांकनाची गरज नव्हती.)

राहिली पर्यटनाची बाजू, आणि येथे जळगावची मला थोडी कीव येते. अजिंठा जळगावहून सुमारे ६० किलोमीटर, औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, सुमारे १००. दूरच्या प्रवाशाला उतरायचे सोयीचे स्थानक जळगाव. पण लेणी निजामाच्या मुलखात होती. रॉबर्ट गिलने १८४४ पासून चित्रांच्या नकला केल्या. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने याझदानींच्या देखरेखीखाली विसाव्या शतकात लेण्यांची डागडुजी केली, त्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. हा सारा वारसा औरंगाबादच्या नावे जमा झाला. पाहुणा जळगावला उतरतो, वाहन ठरवतो, फर्दापूरला जातो. जळगावच्या वाट्याला येतो तो चहा आणि भाड्याची मोटार. गिल मात्र १८७९ मध्ये वारला तो भुसावळला, आणि त्याची कबर तेथेच आहे. रेल्वेच्या गावातली ही कबर अजिंठ्याच्या किती प्रवाशांनी पाहिली असेल? जळगावने २०१२ मध्ये जैन हिल्सवर गांधीतीर्थ हे संग्रहालय उभारले, तेव्हा पहिल्यांदा प्रवाशाला शहरात थांबायला स्वतःचे असे काही कारण मिळाले.

धुळ्याकडे तर लेणीही नाहीत. आहे ते कागद आणि आठवणी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांनी गोळा केलेली रामदासी बाडे आहेत. १९३२ मध्ये विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. या तीन ठिकाणांसाठी कोणी मुद्दाम धुळ्याला येईल का? मी गेलो आहे, आणि वाचकांपैकी निम्मे तरी जातील अशी माझी खात्री आहे. मात्र शहराची जाहिरात काढणाऱ्यांच्या कागदावर महामार्ग असतात, औद्योगिक वसाहत असते, आणि राजवाडे मंडळ बहुधा नसते.

एक बाजू सांगायची राहिली. बिनभाड्याच्या जागा व्यापाऱ्यांना मिळाल्या त्या काळात खान्देशचा कुणबी साऱ्याखाली दबलेला होता. १८५२ मध्ये जमिनीची नवी मोजणी आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकरी हजारोंनी जमले आणि सरकारला लष्कर आणावे लागले. सातपुड्यातल्या भिल्लांना कोणी भूखंड देऊ केला नाही. त्यांच्या नाईकांना तनखे, आणि १८२५ पासून औट्रमच्या भिल्ल पलटणीत भरती, एवढेच त्यांच्यापुढे ठेवले गेले. धुळ्याच्या वाढीचे आकडे वाचताना ही माणसे त्यांत कोठे आहेत हे मी दर वेळी शोधतो, आणि ती बाजारात जळाऊ लाकूड विकायला आलेली सापडतात.

आणि आता ताजी गोष्ट. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग मंजूर केला. अंदाजे खर्च १८,०३६ कोटी रुपये. मार्ग मालेगाव, धुळे, शिरपूर करत सातपुडा ओलांडणार, म्हणजे ब्रिग्जने ज्या रस्त्यासाठी धुळे निवडले जवळजवळ त्याच रस्त्याने. माझा मामेभाऊ नोकरीसाठी नाशिकला गेला त्याला दहा वर्षे झाली. मंजुरीची बातमी त्याने मला पाठवली, खाली फक्त एवढेच लिहून, की आजी असती तर तिला वाक्य बदलावे लागले असते. मी त्याला उत्तर लिहिले, की आधी रूळ पडू देत.